फोमचा भोपळा कोरताना: भिंतीची जाडी, उरणारा भाग आणि आतला उजेड

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी हॅलोविनसाठी हस्तकलेच्या दुकानातून १३ इंच व्यासाचा फोमचा कृत्रिम भोपळा आणला. त्यावर वठलेले झाड, फांदीवर बसलेले घुबड आणि मागे पौर्णिमेचा चंद्र असे चित्र त्यांना कोरायचे होते. मुंबईत असताना गणपतीसाठी थर्माकोलची मखरे कापलेली असल्यामुळे त्यांनी येथेही तापलेली तार वापरली. धूर झाला, कडा करपल्या, दोन फांद्या तुटल्या, घुबडाची बुबुळे आधार न उरल्याने आत पडली आणि एवढे करून दिवा लावल्यावर पिसांच्या बारीक रेषांमधून उजेड बाहेर आलाच नाही. हाताला सफाई असूनही असे का झाले, असे त्यांनी विचारले आहे.

मी हे काम सोळा वर्षे करीत आहे आणि माझीही सुरुवात मखरांपासूनच झाली. त्यामुळे सांगतो की दोष हाताचा नाही. हा भोपळा म्हणजे खरा भोपळाही नाही आणि थर्माकोलही नाही, हे एकदा ध्यानात आले की त्यांच्या चारही तक्रारींची कारणे सापडतात. त्यांतील पहिले कारण पदार्थाचे आहे आणि उरलेल्या तिन्हींच्या मुळाशी भिंतीची जाडी आणि कापल्यावर उरणाऱ्या भागाचा आधार आहे.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. ते उष्णतेने वितळते, म्हणूनच तापलेली तार त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी जाते आणि मागे गुळगुळीत कड ठेवते. कोरण्यासाठी म्हणून विकले जाणारे भोपळे मात्र बहुतेक कडक पॉलियुरेथेन फोमचे असतात. या फोमची घडण एकदा झाली की ती कायमची. तापवल्यावर तो वितळत नाही, तर करपतो. करपताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड यांसारखे विषारी वायू असू शकतात. तेव्हा तापती तार, सोल्डरिंग आयर्न, गॅसवर लाल केलेली सुरी यांपैकी काहीही या भोपळ्याजवळ आणू नये. बंद खोलीत तर नाहीच नाही. हातातला भोपळा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचे असेल, तर बुडाशी, जेथे कोणाचे लक्ष जाणार नाही, तेथे कटरने नखाएवढा तुकडा काढून पाहावा. साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटलेले दाणे दिसले तर ते पॉलिस्टायरीन आहे. पावाच्या आतल्या भागासारखी सलग, बारीक छिद्रांची रचना दिसली तर बहुधा पॉलियुरेथेन. दुकानात याच्याच शेजारी शोभेचे पोकळ प्लास्टिकचे आणि आतून भरीव असे भोपळेही ठेवलेले असतात आणि लांबून ते सारखेच दिसतात. वेष्टनावर हा भोपळा कोरण्याजोगा असल्याचे स्पष्ट लिहिले नसेल तर तो घेऊ नये.

आता जाडीविषयी. माझ्या हातून गेलेल्या मध्यम आकाराच्या भोपळ्यांची भिंत साधारण अर्धा ते पाऊण इंच जाड असते, परंतु ती सगळीकडे सारखी नसते. साच्यात फोम फुगताना तो कोठे जास्त साठतो, कोठे कमी. देठाजवळ आणि बुडाशी भिंत बहुधा जाड असते, पोटाशी पातळ असते आणि एखाद्या बाजूला ती अचानक एक इंचापर्यंत गेलेलीही मी पाहिली आहे. म्हणून नक्षी ठरवण्याआधी बुडाला हात जाईल एवढे गोल भोक पाडावे. झाकण वरून कापण्याची पद्धत खऱ्या भोपळ्याची आहे. तेथे गर काढायचा असतो आणि मेणबत्तीची धग वर जायला वाट हवी असते. येथे या दोन्ही गरजा नसल्यामुळे देठासकट वरचा भाग अखंड ठेवता येतो आणि भोपळा जास्त खरा दिसतो. भोक पाडल्यावर खोलीतला दिवा बंद करून आत प्रखर टॉर्च धरावा आणि भोपळा सावकाश फिरवावा. पातळ जागी किंचित लालसर झाक दिसते, जाड जागी काळोख राहतो. कोणती बाजू दर्शनी ठेवायची हे मी याच वेळी ठरवतो, दुकानातून आणताना नाही. दर्शनी बाजूची भिंत आतून खरवडून शक्य तितकी एकसारखी करून घेणे हे अर्ध्या तासाचे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर पुढचे तीन तास वाया जातात.

पिसांच्या रेषांतून उजेड का आला नाही, याचे उत्तरही येथेच आहे. भिंत १५ मिलिमीटर जाड आणि कापलेली चीर दोन मिलिमीटर रुंद असेल, तर ती चीर नसून एक खोल, अरुंद बोळ होतो. त्याच्या अगदी समोर उभे राहिले तरच पलीकडचा उजेड दिसतो आणि पाऊलभर बाजूला झाले की तो गायब होतो. आरपार कापायच्या रेषेची रुंदी निदान भिंतीच्या जाडीइतकी असावी, असा माझा नियम आहे. त्याहून बारीक जे काही असेल ते आरपार कापायचेच नाही. ते वरून खरवडून पातळ करायचे. नवशिक्यांच्या कामात आणि मुरलेल्या हाताच्या कामात मला सर्वांत मोठा फरक येथे दिसतो. नवशिका भोपळ्याकडे भोक आणि भिंत अशा दोनच रंगांत पाहतो. वास्तविक आपल्या हातात निदान तीन छटा असतात: आरपार कापलेला भाग झगझगीत उजळतो, तीन-चार मिलिमीटरपर्यंत पातळ केलेला भाग मधासारखा पिवळसर दिसतो आणि न कोरलेला भाग काळा राहतो. जाडी सहा-सात मिलिमीटर ठेवली तर मंद तांबूस अशी चौथी छटाही मिळते, पण तिच्यासाठी आतला दिवा चांगला प्रखर हवा.

या दृष्टीने घुबडाचे चित्र पुन्हा मांडून पाहू. चंद्राचे वर्तुळ आरपार कापण्याची गरजच नाही. ते वरून खरवडून चार मिलिमीटरवर आणावे, त्याच्या भोवती दोन बोटे रुंदीचे वलय सात मिलिमीटरवर सोडावे, म्हणजे चंद्राभोवती खळे पडल्यासारखे दिसते. झाड, फांद्या आणि घुबडाचे शरीर यांना हात लावायचा नाही. ते पूर्ण जाडीचे राहतात आणि चंद्रापुढे काळ्या आकृतीसारखे उठून दिसतात. फांद्या तुटण्याचा प्रश्नही आपोआप मिटतो, कारण त्यांच्या मागे चंद्राचा पातळ पडदा आधाराला असतोच. पिसांसाठी घुबडाच्या छातीवर लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमवर छापाचे ठसे कोरण्याच्या, इंग्रजी व्ही आकाराच्या हत्याराने छोटे छोटे अर्धचंद्र काढावेत. त्यांची खोली छातीच्या मध्यावर जास्त आणि कडेकडे कमी ठेवली तर छातीला गोलाई येते. आरपार कापायचे ते फक्त डोळे. संपूर्ण चित्रात पांढऱ्या उजेडाच्या दोनच जागा राहिल्या की पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते.

बुबुळे आत पडली, कारण आरपार कापलेल्या भागाच्या मध्ये राहणारा तुकडा कशाला तरी जोडलेला असावाच लागतो. पत्र्यावर अक्षरे रंगवण्याचे छाप ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच समजेल. शून्याच्या पोटातला तुकडा धरून ठेवण्यासाठी त्या छापात वर आणि खाली एकेक पट्टी सोडलेली असते. अशा पट्टीला आम्ही पूल म्हणतो. पूल लपवायचा कसा, यातच चित्र बसवणाऱ्याचे कसब असते. घुबडाच्या बाबतीत बुबुळ वरच्या पापणीला टेकवावे. पूल दिसत नाही, शिवाय पापणी उतरल्यामुळे घुबड दचकलेले न दिसता रागावलेले दिसते, आणि हॅलोविनला हवे असते ते तसेच. पुलाची रुंदी सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये. आराखडा कागदावर असतानाच काळ्या-पांढऱ्या भागांवरून बोट फिरवून पाहावे: प्रत्येक काळ्या भागापासून बोट न उचलता भोपळ्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत जाता आले पाहिजे.

आराखड्याच्या आकाराबाबत बरेच जण फसतात. १३ इंच व्यासाच्या भोपळ्याचा घेर सुमारे ४१ इंच येतो, परंतु समोरून पाहताना वेडावाकडा न होता दिसणारा भाग या घेराच्या चौथ्या हिश्शाएवढाच असतो. म्हणून आराखडा नऊ-दहा इंचांहून रुंद करू नये. सपाट कागद गोलाईवर बसत नाही. त्याच्या कडांना चारही बाजूंनी दोन-दोन इंचांचे छेद द्यावेत, ब्लाउजला टक्स घालतात त्याप्रमाणे ते एकमेकांवर चढवावेत आणि मास्किंग टेपने चिकटवावेत. डोळ्यांसारखा महत्त्वाचा भाग भोपळ्याच्या दोन फुगवट्यांमधल्या खाचेत येऊ देऊ नये. तेथे पाते घसरते.

आराखडा उतरवण्यासाठी मी आजही भरतकामाच्या खाक्याची जुनी रीत वापरतो. ट्रेसिंग पेपरवर रेषेरेषेने सुईने जवळजवळ टोचे मारायचे, कागद भोपळ्यावर बसवायचा आणि कापसाच्या बोळ्याने खडूची भुकटी त्यावरून हलकेच फिरवायची. कागद उचलला की नारिंगी रंगावर पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र उमटलेले असते. भरतकामात ही पूड रॉकेलमध्ये कालवतात, तसे येथे अजिबात करू नये. ठिपके पुसले जाण्याआधी ते बारीक पेनाने जोडून घ्यावेत आणि खरवडायच्या, कापायच्या व सोडायच्या जागांवर तीन वेगळ्या खुणा कराव्यात. अर्धे काम झाल्यावर, रात्री साडेअकराला, कोणता भाग काय होता हे आठवत नाही, हा अनुभव मी दोनदा घेतला आहे.

हत्यारे फार लागत नाहीत. पेनासारखी धरायची हस्तकलेची सुरी आणि तिची ११ नंबरची टोकदार पाती, एक बारीक दातांची छोटी करवत, लिनोकटची तीन-चार हत्यारे, आणि पॉलिश पेपर. ड्रेमेलसारखे फिरते यंत्र असेल तर खरवडण्याचे काम लवकर होते, पण ते कमी वेगावर चालवावे. वेग वाढला की घर्षणाने फोम तपकिरी पडतो आणि यंत्र हातातून पळते. सुरीच्या पात्याबाबत मात्र काटकसर करू नये. फोम मऊ वाटत असला तरी पात्याची धार तो भराभर घालवतो आणि बोथट पाते कापत नाही, फाडते. एका भोपळ्याला माझी सहा-सात पाती सहज लागतात.

आधी सर्व रेषांवरून दोन मिलिमीटर खोल छेद घ्यावा. भोपळ्याला बाहेरून जो नारिंगी थर असतो तो ठिसूळ असतो. असा छेद दिला नाही तर खरवडताना त्याचे टवके उडतात आणि कड दातेरी होते. त्यानंतर सगळे खरवडण्याचे काम पूर्ण करावे आणि आरपार कापणे शेवटी ठेवावे, कारण प्रत्येक भोकाबरोबर भिंत कमकुवत होत जाते आणि खरवडताना तिच्यावर बराच दाब येतो. कापतानाही मधल्या, लहान जागा आधी आणि कडेच्या, मोठ्या जागा नंतर. एका दमात आरपार जाण्याचा प्रयत्न करू नये. त्याच चिरेतून तीन-चार वेळा पाते फिरवावे. वळणावर सुरी वळवण्याऐवजी भोपळा फिरवावा, त्यासाठी तो मांडीवर जाड टॉवेलात बसवलेला असावा. पाते थोडे तिरपे धरून भोक आतल्या बाजूला किंचित रुंद होईल असे कापले, तर बाजूने पाहणाऱ्यालाही उजेड दिसतो. तुकडा निघत नसेल तर बाहेरून ढकलू नये. एखादा कोपरा कापायचा राहिलेला असतो, तो शोधावा.

या कामाची भुकटी फार बारीक असते आणि अंगाला, कपड्यांना चिकटून राहते. एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावूनच बसावे, जवळ व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवावा आणि लहान मुलांना ही पायरी संपेपर्यंत दूर ठेवावे.

मोडतोड होतेच, तिचे दुःख करू नये. तुटलेल्या तुकड्यात अर्धी टूथपिक रोवावी, दोन्ही बाजूंना पांढरा डिंक लावावा, तुकडा जागेवर बसवून मास्किंग टेपने बांधावा आणि रात्रभर हात लावू नये. सुरी घसरून पडलेला ओरखडा भिंतीच्या हलक्या पुट्टीने भरून वर ॲक्रिलिक रंग देता येतो. आरपार कापलेल्या जागांच्या कडा पांढऱ्या फटक राहतात आणि दिवसाउजेडी भोपळ्याचे सोंग उघडे पाडतात. त्यांना पिवळ्या-नारिंगी ॲक्रिलिक रंगाचा एक हात द्यावा. खरवडलेल्या भागांवर मात्र रंग देऊ नये. तो उजेड अडवतो.

दिवा फक्त एलईडीचा. हा फोम पेट घेतो, त्यामुळे मेणबत्ती, पणती किंवा तापणारा जुना बल्ब यांचा विचारही करू नये, मग वेष्टनावर काहीही लिहिलेले असो. पिवळसर प्रकाशाचा, म्हणजे साधारण २७०० केल्विनचा दिवा घ्यावा. निळसर पांढऱ्या दिव्यात तोच चंद्र राखेच्या रंगाचा दिसतो. केवळ भोकांचे चित्र असेल तर बॅटरीवरची एक छोटी पणती पुरते, पण खरवडलेल्या छटांना ती अपुरी पडते. तेथे एलईडीची माळ बरणीत गुंडाळून आत ठेवावी आणि डोळ्यांच्या भोकांमागे आतून बटर पेपरचा तुकडा लावावा, म्हणजे माळेचे दिवे वेगवेगळे न दिसता सारखा उजेड पडतो. छोट्या पणत्यांमध्ये बहुधा बटणाच्या आकाराचा सेल असतो आणि तो मुलाने गिळल्यास जिवावर बेतू शकते; सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणाराच घ्यावा.

एक अनुभव येथे सांगतो, कारण तो पुलाच्या मुद्द्याशी जोडलेला आहे. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. आमच्या ओळखीतल्या एका घरी भोपळ्यावर वारली नर्तकांचा फेर हवा होता. वारली माणूस दोन त्रिकोणांचा, टोकाला टोक लावलेला. मी उत्साहाच्या भरात आकृत्या काळ्या ठेवून पार्श्वभूमी आरपार कापायला घेतली आणि तिसऱ्या नर्तकापर्यंत पोहोचलो तोवर पहिले दोघे कमरेत मोडले होते. सगळा भार त्या एका बिंदूवर येत होता. उलट बाजूने विचार केला तेव्हा उपाय सोपा निघाला. भिंत काळी ठेवली आणि माणसेच कापली. कमरेपाशी दोन भोकांच्या मध्ये अर्धा सेंटिमीटर फोम सोडला, तो लांबून दिसला नाही. अशी लहान भोके सुटी सुटी असली आणि त्यांच्या भोवती सगळीकडे अखंड भिंत असली, तर एवढ्या अरुंद पुलावर भार येत नाही. हातपाय मात्र नुसते खरवडून पातळ केले. तेजाने उजळलेली शरीरे आणि मंद पिवळे हातपाय, असा तो फेर आकाशकंदिलाशेजारी चांगला शोभला.

खऱ्या भोपळ्याची बाजू घेणारे मला नेहमी भेटतात आणि त्यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. ओल्या गरातून येणाऱ्या उजेडाची सर फोमला नाही. शिवाय परंपरा म्हणाल तर ती भोपळ्याच्याही मागे जाते: आयर्लंडमध्ये सलगम कोरत असत, आणि डोनेगलमधील फिनटाउन येथील अशा एका भेसूर सलगमाचा प्लास्टरचा साचा तेथील राष्ट्रीय संग्रहालयाने जपून ठेवला आहे. परंतु कोरलेला खरा भोपळा आठवडाभरात बुरशी धरून खचतो, आणि ज्या नक्षीला बारा-पंधरा तास लागतात ती आठवड्यासाठी करणे मला परवडत नाही. न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात २००५ पासून दरवर्षी कोरलेल्या हजारो भोपळ्यांची रोषणाई होते. तेथेही खऱ्या भोपळ्यांच्या जोडीने कृत्रिम भोपळे वापरले जातात. ज्यांना जमेल त्यांनी ती एकदा मुद्दाम जवळून पाहावी, विशेषतः कोरीव भागांच्या कडा.

बाहेर पायरीवर ठेवताना आत वाळूची किलोभर वजनाची पिशवी टाकावी, कारण हा भोपळा इतका हलका असतो की ऑक्टोबरच्या वाऱ्यात तो शेजाऱ्यांच्या अंगणात जातो. नोव्हेंबरमध्ये तो मऊ ब्रशने झटकून, सेल काढून, खोक्यात ठेवावा. खोके उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावर न ठेवता तळघरात किंवा कपाटात ठेवलेले बरे. उन्हाने फोम पिवळा पडतो, त्यामुळे खरवडलेला चंद्र दोन-तीन वर्षांनी थोडा मंद झालेला आढळेल. तसे झाले तर तो आतल्या बाजूने पॉलिश पेपरने अर्धा मिलिमीटर घासून घ्यावा. मागच्या वर्षीचा करपलेला भोपळाही टाकून देऊ नये. त्याची मागची बाजू कोरी असेल, तर वर सांगितलेल्या छटा आधी तेथे हातभर जागेवर करून पाहाव्यात आणि नव्याला हात नंतर लावावा.